दुपारी अडीचला चिलर पुन्हा ट्रिप: हाय प्रेशरचं मूळ कुठं शोधायचं

तक्रार नेहमीचीच. वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं मशीन, बहुतेक ठिकाणी आर-१३४ए गॅसवरच्या स्क्रू कॉम्प्रेसरचा, दोनशे ते चारशे टन क्षमतेचा. सकाळभर मुकाट चालतो. दुपारी दोन-अडीचला पॅनलवर 'हाय कंडेन्सर प्रेशर' येतं आणि मशीन बसतं. ऑपरेटर रिसेट मारतो, थोड्या वेळानं कॉम्प्रेसर लोड घेतो आणि पुन्हा बसतो. तोवर चौथ्या मजल्यावरून फोन सुरू झालेले असतात. एएमसीवाले (वार्षिक देखभालीचे कंत्राटदार) येतात, कंडेन्सरचं डिस्केलिंग करतात, म्हणजे नळ्यांत साचलेले क्षार काढतात, चार-सहा आठवडे बरे जातात, मग पहिले पाढे पंचावन्न. पुण्या-ठाण्याकडच्या आयटी इमारती, मॉल, हॉस्पिटलं, कुठल्याही प्लांट रूममध्ये मार्च ते जून हीच रड ऐकू येते.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "ऊन बघा ना साहेब किती आहे, ट्रिप होणारच." एअर-कूल्ड मशीनच्या बाबतीत हे खरं आहे. वॉटर-कूल्डला ते तसंच्या तसं लागू होत नाही. त्यात गॅस आपली उष्णता कंडेन्सरमध्ये पाण्याला देतो आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये थंड होतं. कूलिंग टॉवर पाणी किती थंड करणार हे साध्या थर्मामीटरवरच्या पाऱ्यावर ठरत नाही, वेट बल्ब तापमानावर, म्हणजे ओला कापूस गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या रीडिंगवर ठरतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी असल्यानं वेट बल्ब साधारण २२-२३ अंशांच्या घरात राहतो. मुंबईत मे अखेरीस पारा ३४ असला तरी वेट बल्ब २७-२८ ला जातो. म्हणजे एप्रिलमधल्या पुण्याच्या टॉवरनं मेमधल्या मुंबईच्या टॉवरपेक्षा थंड पाणी द्यायला हवं. पुण्यातल्या टॉवरची खरी परीक्षा जूनच्या पहिल्या दमट आठवड्यांत असते. पुण्यातला चिलर एप्रिलमध्येच बसत असेल तर हवामानाला बोल लावून उपयोग नाही. दुपारी लोड वाढतो एवढंच ऊन करतं. आधीपासून असलेलं दुखणं त्या वेळी उघडं पडतं.

रिसेटआधी चार आकडे

रिसेटचं बटण दाबण्यापूर्वी दोन मिनिटं द्या. बहुतेक पॅनल ट्रिपच्या क्षणाचे आकडे अलार्म हिस्टरीत ठेवतात. तिथून हे उतरवून घ्या: कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं तापमान, बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान, कंडेन्सर प्रेशर आणि कॉम्प्रेसर किती टक्के लोडवर होता ते. प्रेशरवरून गॅसचं सॅच्युरेशन तापमान, म्हणजे त्या प्रेशरला गॅसचा द्रव होतो ते तापमान, चार्टमधून काढा, हल्ली बरेच पॅनल ते थेट दाखवतात. आर-१३४ए साठी ढोबळ आकडे लक्षात ठेवायचे तर ३५ अंशांना ११४ पीएसआय, ४० ला १३३, ४५ ला १५४ आणि ५० ला १७६-१७७, सगळे गेज प्रेशर.

आता तीन गोष्टी पाहायच्या. एक, शिरणारं पाणी किती गरम आहे. आपल्याकडे डिझाइन बहुधा ३२ आत, ३७ बाहेर असं असतं. दोन, आत-बाहेरच्या पाण्यातला फरक. फुल लोडला तो पाचच्या आसपास हवा. तीन, अप्रोच, म्हणजे गॅसचं सॅच्युरेशन तापमान वजा बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान. नळ्या स्वच्छ असतील तर फुल लोडला अप्रोच एक-दोन अंशांत राहतो. चारच्या पुढे गेला की गडबड आहे.

पुढची सगळी शोधाशोध या तिघांवर बेतलेली आहे. शिरणारं पाणीच गरम असेल आणि बाकी दोन्ही ठीक असतील तर वर टॉवरकडे जा. फरक पाचाऐवजी आठ-नऊ झाला असेल तर पाणी कमी वाहतंय, म्हणून पंप, स्ट्रेनर (पंपाची गाळणी) आणि व्हॉल्व्ह बघा. पहिले दोन जागेवर आणि अप्रोच वाढलेला असेल तर नळ्या, नाहीतर गॅस.

एक उदाहरण घेऊ. दुपारी ट्रिपच्या वेळी पाणी आत ३३.५, बाहेर ३८.५, प्रेशर १७६ पीएसआय, लोड शंभर टक्के. पाणी डिझाइनपेक्षा दीड अंशानं गरम आहे, पण ट्रिपचं कारण ते नव्हे. फरक पाच, म्हणजे पाणी पुरेसं वाहतंय. १७६ पीएसआय म्हणजे ५० अंश, म्हणजे अप्रोच साडेअकरा! दोष नळ्यांमध्ये आहे, नाहीतर गॅसमध्ये. त्याच मशीनचा सकाळी नऊचा लॉग काढला तर पाणी आत २९, बाहेर ३१, प्रेशर ११८, लोड चाळीस टक्के. ११८ पीएसआय म्हणजे ३६ अंश, अप्रोच पाच. ऑपरेटर म्हणणार की सकाळी मशीन अगदी बरं होतं. पण अप्रोच लोडबरोबर वाढतो. चाळीस टक्के लोडला पाच असेल तर फुल लोडला बाराच्या आसपास जाणार, हे सकाळीच कळायला हवं होतं. म्हणून दोन दिवसांचे अप्रोच ताडून बघायचे तर लोड सारखाच असलेल्या वेळचे घ्या, नाहीतर लॉगबुक भरून फक्त कागद संपतात.

या आकड्यांवर विसंबण्याआधी सेन्सर तपासून घ्या. पाइपमधल्या थर्मोवेलमध्ये (सेन्सर बसवायच्या नळकांड्यात) तेल किंवा थर्मल पेस्ट नसेल तर रीडिंग दोन-तीन अंशांनी सहज चुकतं. मग सगळं निदान हवेत.

पाणी गरम येत असेल तर

गच्चीवर जा, आणि टॉवर चालू असताना जा. बाटलीच्या आकाराचा फायबरचा (एफआरपी) टॉवर असेल तर वरचा स्प्रिंकलर पाण्याच्याच जोरावर फिरतो. त्याची भोकं क्षारांनी किंवा शेवाळानं बुजली की तो मंदावतो, कधी एका जागी उभाच राहतो. मग पाणी फिलच्या (पाणी पसरवणाऱ्या आतल्या थरांच्या) एकाच पट्ट्यावर पडतं आणि उरलेला अर्धा फिल कोरडा राहतो. खालच्या जाळीतून बॅटरी मारून वर बघितलं की लगेच दिसतं: एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला पांढरट, खडबडीत कोरडा फिल. हा दोष थर्मामीटरवर दिसत नाही, डोळ्यांनीच दिसतो.

पंख्याचा पट्टा ढिला आहे का बघा. टॉवरच्या मोटरचं किंवा केबलचं काम नुकतंच झालं असेल तर पंखा उलटा फिरत नाही ना याची खात्री करा. दोन फेज अदलाबदल झाल्या की पंखा हवा वर ओढायच्या ऐवजी खाली ढकलतो आणि आवाज मात्र नेहमीसारखाच येतो.

आणखी एक दोष हल्ली वरचेवर दिसतो. गच्चीवर टॉवरच्या भोवती कुणीतरी पत्र्याची शेड घातलेली असते, आवाजाची तक्रार आली म्हणून भिंत उभी केलेली असते, नाहीतर सोलर पॅनलचा मांडव अगदी टॉवरला खेटून आलेला असतो. वर फेकलेली दमट गरम हवा मग पुन्हा खालून आत खेचली जाते. तपासायचं कसं? थर्मामीटरच्या टोकाला ओला कापूस गुंडाळा. टॉवरच्या हवा ओढणाऱ्या तोंडाशी धरून, वारं देऊन रीडिंग घ्या, मग गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मोकळ्या हवेत घ्या. दोन्हींत एक-दीड अंशाहून जास्त फरक असेल तर टॉवर आपलीच हवा परत पितोय. अशा वेळी फिल बदलून काही होणार नाही. शेड हलवावी लागेल.

दोन टॉवर, एक चालू आणि एक स्टँडबाय, अशी मांडणी असेल तर बंद टॉवरचा पाण्याचा व्हॉल्व्ह खरोखर बंद आहे का ते बघा. पंखा बंद असलेल्या टॉवरवरून पाणी फारसं थंड न होता खाली येतं आणि बेसिनमध्ये थंड पाण्यात मिसळतं. त्यापेक्षा दोन्ही टॉवरवर पाणी सोडून दोन्ही पंखे कमी वेगानं चालवलेले परवडतात, फक्त प्रत्येक टॉवरला त्याच्या किमान प्रवाहाइतकं पाणी मिळायला हवं.

टॉवर आतून धुताना मास्क लावा आणि कामगारांनाही लावायला लावा. लिजिओनेला हा जीवाणू अशाच कोमट पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जातो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या हॉटेलात झालेल्या साथीमुळे तो जगाला कळला. आपल्याकडे टॉवर धुणारा पोरगा अजूनही बनियनवर आत उतरतो.

पाणी कमी वाहत असेल तर

आधी पंपाचा स्ट्रेनर. त्यात फिलचे तुकडे, कबुतरांची पिसं, शेवाळ आणि गेल्या डिस्केलिंगमध्ये सुटलेल्या क्षारांच्या खपल्या सापडतात. डिस्केलिंगनंतर आठवड्याभरात स्ट्रेनर पुन्हा उघडायचा असतो, पण ते कुणी करत नाही.

मग कंडेन्सरच्या आत-बाहेरच्या प्रेशरमधला फरक बघा. गेज जुने असतील तर एकच गेज दोन्हीकडे लावून वाचा. प्रवाह अर्धा झाला की हा फरक चौथ्या हिश्शावर येतो, त्यामुळे मशीनच्या डेटाशीटमधल्या आकड्याशी ताडून प्रवाहाचा चांगला अंदाज लागतो. मात्र नळ्याच तुंबल्या असतील तर फरक उलटा वाढलेला दिसतो.

सगळ्यात फसवा प्रकार स्टँडबाय चिलरचा. एक चिलर, एक पंप चालू. दुसऱ्या चिलरच्या कंडेन्सर लाइनवरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह हँडल बघितलं तर बंद. पण आतली रबर सीट झिजलेली असते किंवा डिस्क शाफ्टवरून सुटलेली असते. पंपाचं पाणी दोन्ही मशीनमध्ये वाटलं जातं आणि चालू चिलरला त्याच्या वाट्याचं पाणी मिळत नाही. बंद चिलरच्या कंडेन्सरच्या दोन गेजांत फरक शून्य असायला हवा. थोडा जरी फरक दिसला तरी तिथून पाणी जातंय. हे रीडिंग घ्यायचं सुचत नाही, कारण बंद मशीनकडे कोण बघतो!

अप्रोच वाढला असेल तर: टँकर

पुन्हा पुन्हा येणाऱ्या ट्रिपचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं, आणि डिस्केलिंगनं ते जात का नाही तेही.

पुण्या-मुंबईला धरणाचं पाणी येतं ते मऊ असतं, हार्डनेस (कॅल्शियमसारख्या क्षारांचं प्रमाण) बहुधा शंभर पीपीएमच्या आत. फेब्रुवारी-मार्चपासून पुरवठा कमी पडू लागतो आणि टँकर सुरू होतात. टँकरचं पाणी बोअरचं नाहीतर विहिरीचं. दख्खनच्या खडकातल्या त्या पाण्याचा हार्डनेस तीनशे-चारशे सहज निघतो, कधी त्याहून बराच जास्त. पाणी बदललं, पण प्लांट रूममधलं काहीच बदलत नाही. ब्लीडचा, म्हणजे आटलेलं पाणी सोडून द्यायचा, व्हॉल्व्ह तेवढाच उघडा, पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचं रिजनरेशन (त्याला मिठानं ताजं करणं) त्याच वारी. ट्रिप मेमध्ये होतो, पण क्षार साचायला सुरुवात पहिला टँकर आला तेव्हाच झालेली असते.

टॉवर पाण्याची वाफ करतो, क्षार मागेच राहतात. तीनशे टनांच्या फुल लोडला तासाला साधारण दीड हजार लिटर पाणी नुसतं वाफेत जातं, दहा तासांत पंधरा-सोळा हजार. क्षार किती पट आटले यावर ब्लीड ठरतं. तीन पटींवर ठेवायचं तर वाफेच्या निम्मं पाणी सोडून द्यावं लागतं, पाच पटींवर चौथा हिस्सा. म्हणजे तीन पटींवर दिवसाला सात-आठ हजार लिटर गटारात. टँकरचे पैसे भरणाऱ्या व्यवस्थापकाला ते बघवत नाही आणि तो ब्लीडचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगतो. माणूस म्हणून कळतं, पण चारशे हार्डनेसचं पाणी आठ पट आटलं की बत्तीसशे होतं. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव मिठाच्या उलटा: पाणी जितकं गरम तितकं ते कमी विरघळतं. म्हणून ते सगळ्यात गरम पृष्ठभागावर, म्हणजे कंडेन्सरच्या नळ्यांच्या आतून, जाऊन बसतं. गीझरच्या कॉइलवर जमतं तेच. कंडेन्सिंग तापमान एक अंशानं वाढलं की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. अप्रोच आठ-नऊ अंशांनी वाढलेल्या मशीनचं बिल आणि टँकरचं बिल शेजारी ठेवून व्यवस्थापकाला दाखवा. पाण्यात वाचवलेले पैसे विजेत जातात, वर डिस्केलिंगचा खर्च.

धरणाचं साठ पीपीएमचं पाणी पाच पटींनी तीनशे होतं, ते चालतं. टँकरच्या पाण्याला मात्र नुसत्या ब्लीडनं वाचवता येत नाही. दुप्पट आटवलं तरी आठशे. तिथं सॉफ्टनर हवाच, आणि तो खरोखर चालतोय का ते तपासायला हवं. इथं टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारं मीटर फसवतं. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. मीटर आत-बाहेर सारखं दाखवतं. सॉफ्टनर मेलाय की जिवंत आहे हे त्यावरून कळणार नाही. हार्डनेसचं थेंबांचं किट आणा. सॉफ्टनरच्या बाहेरचं पाणी नळीत घ्या, बफर आणि इंडिकेटर टाका. पाणी लगेच निळं झालं तर मऊ आहे. लालसर झालं तर कॅल्शियम पुढे जातोय. निळं होईपर्यंत टायट्रेशनचे थेंब मोजायचे. काम दोन मिनिटांचं, शिफ्टला एकदा.

रिजनरेशनचा हिशोबही त्रैराशिकाचा आहे. शंभर हार्डनेसच्या पाण्यावर जो सॉफ्टनर साठ हजार लिटरनंतर मिठावर घ्यावा लागतो, तो चारशेच्या पाण्यावर पंधरा हजारांतच संपतो. दर चौथ्या दिवशीचं रिजनरेशन टँकर सुरू झाल्यावर रोजचं करावं लागतं. ते न केल्यास तीन दिवस टँकरचं पाणी जसंच्या तसं टॉवरमध्ये.

मोठ्या संकुलांमध्ये एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी टॉवरला देतात. तिथं क्षारांपेक्षा बुळबुळीत थर जास्त साचतो आणि उष्णता अडवण्यात तो क्षारांच्याही वरचढ. एंड कव्हर उघडल्यावर नळीच्या तोंडात बोट फिरवा. खरखरीत लागलं आणि त्यावर आम्लाचा थेंब टाकताच फेस आला तर कार्बोनेट. बुळबुळीत लागलं, फेस नाही, तर आम्लानं काही होणार नाही. नायलॉन ब्रश आणि बायोसाइड (जंतू मारणारं रसायन) हवं. "डिस्केलिंग केलं पण फरक पडला नाही" अशी तक्रार असेल तर बरेचदा असंच निघतं.

आम्ल लावायचंच असेल तर इन्हिबिटर (धातूला वाचवणारं रसायन) घातलेलं सल्फॅमिक बरं, आणि फेस थांबला की फिरवणंही थांबवायचं. रात्रभर फिरवत ठेवलं तर क्षारांनंतर तांब्याची पाळी येते. शेवटी सोडा अॅशनं उदासीन करून भरपूर धुवायचं. दरवर्षी दोन-तीनदा आम्ल खाणाऱ्या कंडेन्सरची एडी करंट टेस्ट (नळ्या झिजल्यात का याची तपासणी) करून घ्या. एखादी नळी फुटून गॅसमध्ये पाणी गेलं तर पुढचा खर्च कॉम्प्रेसरपर्यंत जातो.

नळ्या स्वच्छ, तरी अप्रोच जास्त

मग गॅसकडे या. गळती झाली, कुणी घाईत गॅस भरला, व्हॅक्यूम नीट केला नाही, की हवा आत राहते. चाचणी सोपी आहे. कॉम्प्रेसर बंद, कंडेन्सरचं पाणी फिरतं ठेवा. आत-बाहेरचं तापमान एक होऊन स्थिरावू द्या. समजा ३० अंशांवर स्थिरावलं. आर-१३४ए चं प्रेशर ९७ पीएसआयच्या आसपास हवं. गेज १०५-११० दाखवत असेल तर हवा आहे, ती काढावी लागेल. प्रेशर बरोबर असेल पण गळतीनंतर अंदाजानं गॅस भरलेला असेल तर ओव्हरचार्जचा संशय घ्या: जादा द्रव खालच्या नळ्या बुडवतो आणि तेवढ्या नळ्या कामातून जातात. मशीनच्या प्लेटवरच्या वजनाशी ताडून बघा.

त्या दुपारी काय करायचं

मूळ शोधायला आठवडा लागेल, चौथा मजला आत्ता तापलाय. डिमांड लिमिट (कॉम्प्रेसरच्या लोडची मर्यादा) ऐंशी टक्क्यांवर आणा, चिल्ड वॉटरचा सेट पॉइंट ७ वरून ९ करा, स्टँडबाय टॉवरचा पंखा आणि पाणी दोन्ही चालू करा. दुसरा चिलर असेल तर दोन्ही साठ-साठ टक्क्यांवर चालवा, अर्थात दोघांचे पंप लावून. खोली एखाद अंश गरम राहील, पण मशीन चालत राहील. एचपी कटआउटचं (प्रेशर जास्त झाल्यावर मशीन बंद करणाऱ्या स्विचचं) सेटिंग वर सरकवणं किंवा त्याला वायरनं बायपास करणं हे मात्र कुणी सांगितलं तरी करू नका. कोण सांगतंय ते लॉगबुकात लिहून त्यावर सही मागा. बहुतेक वेळा सूचना मागे घेतली जाते.

डिस्केलिंग झाल्यावर एएमसीवाल्यांना लगेच जाऊ देऊ नका. फुल लोडला मशीन आणून अप्रोच त्यांच्यासमोर मोजा आणि तो आकडा, तारीख आणि लोड पॅनलच्या दारावर मार्करनं लिहून ठेवा. दीडवर आला नसेल तर काम झालेलं नाही, बिल थांबवा. त्याखाली पहिला टँकर आल्याची तारीख आणि त्याच्या पाण्याचा हार्डनेस लिहायला एक ओळ मोकळी सोडा. ती ओळ भरली की त्याच दिवशी रिजनरेशनचं वेळापत्रक बदलायचं. पुढचं डिस्केलिंग तारीख बघून नाही, त्याच लोडला अप्रोच चारला पोचला की करा.